हळदीचं बोट

“काकू, हो म्हना नाई तर नाई म्हना, पन काहीतरी म्हना! इथं माझा बीपी वाढून राह्यला.”

भूपेंद्र शेठ दुकानासमोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या देहाखाली स्टूल कुठे दिसतच नव्हतं, त्यामुळे ते अधांतरी बसल्यासारखे वाटत होते. पंचफुलाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, फरशीवर ठेवलेल्या काळ्या चकचकीत लोखंडी वस्तूजवळ मांडी घातली आणि दहा नंबरचा पाना हातात घेतला.

“शेठ, आज सोमवार आहे,” मागच्या शेडमधून तानबाजींचा आवाज आला. “दिवे लागेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नाई. आठ दिवसांतून एक दिवस देवानं मलेबी देल्ला आहे.”

पंचफुलाबाईंनी नवऱ्याच्या आवाजाच्या दिशेनं एक नजर टाकली. सोमवारी त्या नजरेनंच सगळं बोलत.

वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळ ‘वैरागडे ऑटो पार्ट्स’ हे दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. मागं टिनाची शेड, तिथं तानबाजींचं वेल्डिंगचं काम. पुढं पंचफुलाबाई आणि त्यांचे सुटे भाग. माहेर आष्टीचं. तिथल्या बाजारात लहानपणी आईबरोबर माठ वाजवून घ्यायची सवय लागली, ती लग्नानंतर लोखंडावर आली. माठाला जशी तडा गेलेली जागा लपवता येत नाही तशी लोखंडालाही येत नाही, फक्त ऐकणारा कान पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र. भरीव सांधा ‘टण्ण’ म्हणतो, पोकळ सांधा ‘ठप्प’ म्हणतो. जो भाग चांगला ठरे, त्याच्यावर त्या देवापुढच्या करंड्यातलं हळदीचं बोट लावत. नाक्यावरचे मेकॅनिक कंपनीचा शिक्का नंतर पाहत, आधी हे बोट शोधत.

त्यांचे नियम दोन. दुकानाच्या उंबरठ्याच्या आत खोटं बोलायचं नाही, हा रोजचा. आणि सोमवारी बोलायचंच नाही, हा आठवड्याचा. हा दुसरा त्यांनी सेवाग्रामच्या आश्रमातल्या बायांचं पाहून चौदा वर्षांपूर्वी धरला होता. मौन म्हणजे पक्कं मौन. पाटीवर लिहिणंसुद्धा नाही. “लिवनं म्हंजे बोटानं बोलनं,” असं त्या मंगळवारी सांगत.

आता फरशीवर पडलेली ती वस्तू. शेठजींकडे एक वडिलोपार्जित फियाट होती. सरकीच्या व्यवसायात बसून बसून चाळिशीला टेकलेल्या शेठजींना एके दिवशी वाटलं, की आपण शर्यतीत गाडी पळवावी. संक्रांतीनंतरच्या रविवारी नागपूरजवळच्या एका माळावर मोटार क्लबची शर्यत होती. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी सरता सरता त्यांनी त्या बिचाऱ्या फियाटमध्ये दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवून घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी सेवाग्रामच्या रस्त्यावर एका गतिरोधकावरून गाडी उडाली ती क्रॉसमेंबर चिरूनच खाली आली. क्रॉसमेंबर म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधली आडवी तुळई. इंजिन तिच्या खांद्यावर बसतं आणि दोन्ही चाकांना धरून ठेवणारे हात तिलाच जोडलेले असतात. ती गेली की चाकं दोन दिशांना आणि मालक तिसऱ्या.

जुन्या मापाची नवी तुळई चालणार नव्हती, इंजिनाचं पोट तिला घासत होतं. म्हणून बाहेरची बनावट शोधणं आलं. ही काळी चकचकीत एका व्यापाऱ्यानं दिल्लीहून मागवून दिली होती.

पंचफुलाबाईंनी ती एका टोकापासून वाजवत नेली. मग एक जुना बोल्ट घेऊन भोकांत घालून पाहिला. डावीकडे बसला. उजवीकडे बसेना. बोटभर अंतर चुकलं होतं. त्यांनी तुळई उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“फेल?” शेठजींनी विचारलं.

“फेल,” तानबाजी शेडच्या दारातून म्हणाले. “तोंड भिंतीकडे म्हंजे फेल. आमच्या लग्नाच्या वक्ती मले असंच पाह्यलं होतं तिनं. मी कसाबसा पास झालो.”

पंचफुलाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. हसण्यावर मौनाचं बंधन नव्हतं.

*

पंचफुलाबाईंनी कोइमतूरहून मागवलेल्या दुसऱ्या तुळईचं पार्सल गुरुवारी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आलं. गोणपाट सोडताच शेठजींचं तोंड उतरलं.

“काकू, हे काय आहे? हे तर सायकलचा दांडा दिसून राह्यला!”

गोल नळ्यांची, हलकी, करड्या रंगाची चौकट होती ती. पंचफुलाबाईंनी ती मांडीवर घेऊन बाळासारखी फिरवली.

“शेठ, दिसन्यावर जाऊ नका. ह्या गोल नयीचा पत्रा जाड आहे. वजन कमी म्हंजे तुमची गाडी वळनावर नाक घासत नाई. आनि इंजिनाच्या पोटाले जागा पाहा किती आहे, मूठ जाते.”

“पन माझं वजन पाहा ना!”

“तुमचं वजन सीटवर राह्यते. त्याची काळजी सीटवाल्याले करू द्या.”

शेठजी खो खो हसले, पण त्यांचं मन काही त्या नळ्यांवर बसेना. त्यांना लोखंड दिसायला हवं होतं. आणि नेमके त्याच वेळी तानबाजी हात पुसत पुढं आले.

“शेठ, मी बनवून देतो.”

“काका, तुमी?”

“काऊन? याच हातानं म्या ट्रकाच्या चासीस जोडल्या. जुनी तुळई देजा मले. तिच्यावरून माप काढतो, पोट कापून खाली घेतो, आनि असं जाड लोखंडी चॅनल लावतो का तुमच्या नातवानं बी गाडी पळवावी.”

“क्या बात है!” शेठजींनी मांडीवर थाप मारली. “मंग तर झालंच. काकू, काकाचं तयार झालं का दोन्ही वाजवून पाहा आनि एकावर बोट लावा. माझं काही म्हननं नाई. पन मले आतून वाटते का काकाचंच लागंन.”

पंचफुलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं तानबाजींकडे फाटकं आणि खिडकीच्या जाळ्या सोडून काम येत नव्हतं. आज त्यांचा चेहरा चुन्यानं रंगवलेल्या भिंतीसारखा उजळला होता. असा चेहरा पाहिल्यावर बाईमाणूस काय बोलणार? पण त्यांच्या मनात एक बारीक काटा सलत होता. अलीकडे तानबाजी चहा बशीत ओतायचे तेव्हा थोडा बशीच्या बाहेर जायचा. एखादी वस्तू पाहायची तर कोंबडीसारखी मान वाकडी करून बाजूनं पाहायचे. सायकल तर दिवाळीपासून भिंतीला टेकून उभी होती.

रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढला. “सेवाग्रामच्या दवाखान्यात डोये दाखवून या ना एकदा.”

“धूर गेला डोयात. थोडा चुरचुरते.”

“धूर सहा महिन्यांपासून जाऊन राह्यला का?”

“शेठचं काम होऊ दे. मंग तू म्हनशीन तिथं येतो. डोये दाखवतो, दात दाखवतो, जीभ बी दाखवतो.”

पुढचे दहा दिवस शेडमध्ये नुसता उत्सव होता. तानबाजींनी जुन्या तुळईची आकृती खडूनं फरशीवर काढली. पंचफुलाबाई चहा घेऊन गेल्या की रांगोळी ओलांडावी तशी ती आकृती ओलांडत. तानबाजी कामात गुणगुणत होते. ठिणग्या उडत होत्या. काळी काच तोंडापुढं धरून ते वाकत तेव्हा पाठीमागून ते पंचवीस वर्षांपूर्वीचे तानबाजीच वाटत, ज्यांचं काम पाहायला यवतमाळच्या रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी थांबवायचे.

रविवारी संध्याकाळी तुळई तयार झाली. पंचफुलाबाईंनी ती दुरून पाहिली. लोखंडाला तेलाचा हात फिरवलेला, कडा घासून गोल केलेल्या. देखणं काम होतं.

“उद्या वाजवतो,” त्या म्हणाल्या. “आज दिवस बुडाला. संध्याकायी लोखंड वाजवत नसते.”

“उद्या तर उद्या. ते कुठं पयून चाल्लं?”

*

सोमवारी त्या नेहमीप्रमाणे महादेवाला गेल्या. एकशे आठ बेलाची पानं वाहायला पाऊण तास जातो. परत आल्या तर शेडमध्ये फरशीवर नुसती खडूची आकृती उरली होती. तुळई नव्हती.

तानबाजी पायरीवर बसून चहा पीत होते. सकाळचं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. फार खुशीत होते.

“शेठ येऊन गेले. नालवाडीले प्रेमदासच्या गॅरेजमदी घेऊन गेले, गाडीले बसवाले.”

पंचफुलाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर नवऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटावर गेली. बोट पिवळं होतं.

तानबाजींनी ते बोट लपवलं नाही. उलट वर करून दाखवलं. “अवं, ते घाईत होते. बाहेर जीपमदीच पाच-दहा मिनिटं थांबले बिचारे. मंग म्या म्हनलं, सत्तावीस वर्षांत माह्या कामावर तुनं बोट नाई लावलं असं झालं का कधी? तेच लागनार, तर आत येऊन म्याच लावून देल्लं; त्याईले वाटलं, तुनंच लावलं. तुह्यं काम हलकं केलं.”

एखाद्या लेकरानं स्वतःच स्वतःच्या वहीवर ‘शाबास’ लिहावं, तसं त्यांचं तोंड होतं.

पंचफुलाबाईंच्या मनात एकदम कितीतरी शब्द उठले. चौदा वर्षांत सोमवारी इतके शब्द कधी उठले नव्हते. त्यांनी ते गिळले, देवापुढं जाऊन हात जोडले, पाना कमरेला खोचला आणि चपला पायात घातल्या.

“कुठं चाल्ली वो? चहा?”

त्या नाक्यावर आल्या आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

“कुठं जाचं मावशी?” रिक्षावाल्यानं विचारलं.

त्यांनी नालवाडीकडे बोट केलं.

“नालवाडी? का त्याच्या पुढं? दवाखान्यात? कोनी सिरियस आहे का?”

त्यांनी कमरेचा पाना काढून त्याच्या नाकासमोर धरला.

“गॅरेज!” रिक्षावाला घाबरून म्हणाला. “बसा, बसा. पाना आत ठेवा मावशी, लेकरंबाळं आहेत मले.”

प्रेमदासचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली चार खांब आणि वर पत्रा. पुढच्या चाकांची कामं करण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. फियाट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. इंजिन साखळीला लोंबकळत होतं. तुळई बसली होती, चार बोल्ट आवळायचे राहिले होते. भूपेंद्र शेठ एका टायरवर बसून आलूबोंडा खात होते.

“अरे, काकू आल्या! पूजा कराले आल्या का? नारळ तर आनला नाई!”

पंचफुलाबाईंनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं, ते गाडीखाली सरकवलं आणि लुगड्याचा काचा मारून सरळ गाडीखाली शिरल्या. बावन्न वर्षांची बाई अशी गाडीखाली शिरताना प्रेमदासनं कधी पाहिली नव्हती. तो हातातला पाना तसाच धरून राहिला.

गाडीखालून आवाज येऊ लागला. टण्ण. टण्ण. टण्ण. उजवी बाजू संपली. मधली आडवी पट्टी संपली. टण्ण. डावीकडचा वरचा सांधा. टण्ण.

मग ‘ठप्प’.

थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा ‘ठप्प’.

पंचफुलाबाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. चाकाचा खालचा हात जिथं अडकतो ती बैठक होती ती. वरून पाहिलं तर वेल्डिंगची रेघ माळेसारखी सारख्या मण्यांची, पाहत राहावी अशी. पण ती सांध्यावर नव्हतीच. सांध्याच्या बाजूनं, एका सुताच्या अंतरावरून ती सरळ निघून गेली होती. सांधा उघडा होता. त्यात त्यांचं नख शिरलं.

डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी खाली पडल्या पडल्याच पुसलं. वर येऊन त्यांनी प्रेमदासच्या खांद्यावरचं रॉकेलचं फडकं घेतलं आणि तुळईच्या तोंडावरची हळद पुसून टाकली.

शेठजींचा आलूबोंडा तोंडाशीच थांबला. “काकू? बोट तर तुमीच लावलं होतं ना?”

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. मान खाली घालून.

“असं होते बाई,” प्रेमदास हळूच म्हणाला. मनाचा मऊ माणूस होता तो. “घाईत वाजवलं असन. नसंन आलं ऐकू. मानसाची चूक होते. हो ना?”

एकदा मान हलवली की झालं असतं. चूक त्यांची ठरली असती, आणि तानबाजींचं बोट कुणाला कळलं नसतं. त्यांचा नियम तर दुकानाच्या उंबरठ्याच्या आतला. इथं नालवाडीच्या कडुनिंबाखाली तो लागू नव्हता. ही पळवाट त्यांना दिसली, आणि दिसली म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. बरं, मान आडवी हलवावी तर सत्तावीस वर्षांच्या सोबतीचा माणूस चारचौघांत खोटारडा ठरतो. त्यांनी मान उभीही हलवली नाही, आडवीही नाही. त्या नुसत्या फडक्याची घडी घालत राहिल्या. एकदा, दोनदा, तीनदा. घडी घालायला काही उरलंच नाही इतकी.

“इतक्या वर्षांत पह्यल्यांदा काकूचं बोट चुकलं,” शेठजी कुणाला उद्देशून नव्हे, असं म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचणार हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“तिचं बोट नाई चुकलं.”

तानबाजी होते. चालत आले होते, धापा टाकत. बायकोनं पाना कमरेला खोचलेला पाहून ते मागोमाग निघाले होते. उन्हात त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

“ते बोट माह्यं होतं, शेठ. ही देवाले गेलती. म्या लावलं. तिनं वाजवलंच नव्हतं.”

कडुनिंबावर एक खार चिरचिर करत राहिली.

“कोनता सांधा?” तानबाजींनी बायकोला विचारलं.

पंचफुलाबाईंनी त्यांचा हात धरला, त्यांना पोत्यावर बसवलं आणि गाडीखाली सरकल्यावर त्यांचा अंगठा नेऊन त्या जागेवर ठेवला. मग स्वतः बाजूला झाल्या. गाडीखालून फक्त तानबाजींचे पाय बाहेर दिसत होते. पाय बराच वेळ हलले नाहीत.

“रेघ चांगली पडली बापा,” खालून आवाज आला. “पन शेजारच्या घरी पडली.”

प्रेमदास हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. “भाऊ, त्यात काय? काढतो मी खाली. पुन्हा भरून टाका तेवढा सांधा. अर्ध्या घंट्याचं काम.”

तानबाजी बाहेर आले. त्यांनी अंगठ्याला लागलेलं तेल धोतराला पुसलं.

“एक सांधा मले दिसला नाई. मंग बाकीचे दिसले होते हे कोन सांगंन? तिनं वाजवले म्हनून ते भरीव आहेत. मी सांगू नाई शकत.” ते शेठजींकडे वळले. “शेठ, ते कोइमतूरचं बसवा. मी पाह्यलं होतं ते, बोट फिरवून. चांगलं आहे. मलेच पटवून घ्याचं नव्हतं.”

“काका, मी तुमचंच लावून जातो ना!” शेठजी टायरवरून उठले. “माझ्या बापाच्या गाडीचं सगळं काम तुमी केलं. जो होगा देखा जायेगा.”

“तुमाले काही झालं तर देखना तुमच्या घरवालीले, रक्षाबाईले लागंन. मले तिच्यापुढं उभं राहाचं नाई. खोला, प्रेमदास.”

प्रेमदासनं पहिला बोल्ट सोडला.

घरी दोघं चालतच आली. रस्ताभर तानबाजींनी बायकोच्या कोपराला धरलं होतं. दिवसाढवळ्या, वर्ध्याच्या रस्त्यावर, लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर. एक-दोन ओळखीच्यांनी वळून पाहिलं. “पाहू दे,” तानबाजी म्हणाले. “नाई तर मी नालीत पडतो.”

दुपारी मेकॅनिक येत-जात राहिले. पंचफुलाबाई हातवारे करून सामान देत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि वळल्या. तानबाजी भिंतीला टेकून बसले होते, काय बोलणी बसतात याची वाट पाहत, पायाचे अंगठे आवळून.

“चहा घेता का?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

तानबाजींनी मान वर केली. “सेवाग्रामची पह्यली बस किती वाजताची आहे वो?”

*

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. उजव्याच्या आतल्या पडद्यावर वेल्डिंगच्या उजेडानं जुना डाग पडला होता, तो काही निघणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि हेही सांगितलं की आता पुन्हा त्या उजेडापुढं बसायचं नाही.

“कधीच नाई?” तानबाजींनी विचारलं.

“कधीच नाही.”

“बरं,” तानबाजी म्हणाले. मग, “टीव्ही पाह्यला तं चालते का?”

वॉर्डातली सिस्टर हसली. पंचफुलाबाईही हसल्या. मग त्या बादलीत पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या आणि नळ सुरू ठेवून जरा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शेठजींनी सगळ्यांना जीपमध्ये घालून नागपूरला नेलं. अकरा गाड्या होत्या. त्यांत फियाट एकटीच म्हातारी. धुळीचा असा लोट उठला की पुढं काय चाललंय ते कुणालाच कळेना. प्रेमदास कठड्यावर उभा राहून ओरडत होता, “दाबा शेठ, दाबा!” पंचफुलाबाई डोळे मिटून नाम घेत होत्या. काळा चष्मा लावलेले तानबाजी मात्र मान तिरकी करून नुसते ऐकत होते.

“वळनावर खडखड नाई,” ते म्हणाले. “पकडून आहे लेक.”

फियाट पाचवी आली. शेठजी गाडीतून असे उतरले जणू त्यांनी दिल्ली जिंकली. त्यांनी प्रेमदासला मिठी मारली, तानबाजींचे पाय धरले, आणि पंचफुलाबाईंसमोर येऊन धुळीनं माखलेले हात जोडले. “काकू, सायकलच्या दांड्यानं इज्जत ठेवली!”

“मी म्हनलं होतं का नाई? सीटवाल्यानंबी ठेवली,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

गर्दी पांगल्यावर तानबाजींनी धोतर सावरलं आणि ते गाडीखाली शिरले. कुणी अडवलं नाही. या वेळी ते बोटानं नाही, डोळ्यानं पाहत होते. काळा चष्मा कपाळावर चढवून, नव्या डोळ्यानं, एकेक सांधा, सावकाश.

“पंचफुले, इकडं ये. हे पाहा. इथं नयी वाकडी येते, इथं हात वळवाले जागा नाई. मंग यानं कसं भरलं असन? उजव्या हातानं सुरू केलं आनि मदातून डाव्या हातात घेतलं. दिसते का तुले? मले दिसून राह्यलं. कोन असन वो हा मानूस?”

“कोइमतूरचा कोनी असन.”

“म्हातारा असन का जवान?”

“मले कसं ठाऊक?”

“जवान असन,” तानबाजी म्हणाले. “घाई आहे थोडी. पन हात आहे.”

सोमवार गेला, मंगळवारी सकाळी त्यांनी बायकोला पोस्टकार्ड लिहायला बसवलं. पार्सलवरचा कारखान्याचा पत्ता पंचफुलाबाईंनी जपून ठेवला होता. मराठी तिकडं कोण वाचणार म्हणून हिंदीत लिहायचं ठरलं. प्रेमदास पार्ट न्यायला आला होता. तो म्हणाला, “भाऊ, त्या लोकाईले हिंदीबी येत नाई.”

“कोनी तरी वाचून दाखवंन. नाई दाखवलं तर कार्ड पाहून समजंन का कोनी तरी आठवन केली.”

पंचफुलाबाईंनी लिहिलं. बाएं बाजू का नीचेवाला जोड जिस भाई ने भरा, उसका हाथ बहुत अच्छा है। आँखों का खयाल रखना, काली काँच के बिना मत बैठना।

“खाली नाव टाक,” तानबाजी म्हणाले. “तानबा वैरागडे, वर्धा.”

पंचफुलाबाईंनी नाव लिहिलं. मग पेन खाली न ठेवता, नाव आणि गाव यांच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात ‘वेल्डर’ लिहिलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. तानबाजींनी ते डाव्या डोळ्याजवळ नेऊन वाचलं. वाचायला जितका वेळ लागतो त्याहून जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

“मी टाकून येतो,” ते म्हणाले.

नाक्यावरच्या गर्दीतून त्यांनी एकट्यानं रस्ता ओलांडला. एका ट्रकला हात दाखवून थांबवलं. लाल पेटीपाशी पोचून कार्ड आत सोडलं. पंचफुलाबाई दुकानाच्या पायरीवरून पाहत होत्या. तानबाजी लगेच वळले नाहीत. त्यांनी पेटीचं झाकण बोटानं वर उचललं, वाकले, आणि कार्ड नीट तळाशी पडलं की नाही ते आत डोळा लावून पाहत राहिले.